वेलीपलीकडचे हात

१

आमच्या ब्लांकनविरमध्ये द्राक्षं कुणी एकट्यानं तोडत नाही. वेली पुरुषभर उंच, पानांची भिंत दाट, म्हणून एका ओळीला दोन माणसं लागतात. एक अलीकडून, एक पलीकडून. दिवसभर समोरासमोर उभं राहायचं आणि दिसायचं काय, तर मनगटापर्यंतचे हात. चेहरा दिसला तर नशीब. बोलणं मात्र अखंड चालू असतं, कारण पानांच्या आडून माणूस जे बोलून जातो ते तोंडावर कधी बोलायचा नाही. अर्ध्या गावाची लग्नं ओळीत ठरली आणि उरलेल्यांची भांडणं ओळीत मिटली. ही गोष्टसुद्धा मला तशीच कळली, पानांपलीकडून.

रिवाज दोनच. ओळ सुरू करताना पहिल्या खांबाशी एकानं विचारायचं, "आहेस का?" समोरच्यानं म्हणायचं, "आहे." मग कात्री चालवायची. यात मंत्रतंत्र काही नाही. समोर कुणाची बोटं आहेत ते आधी कळावं, एवढंच. गावात नऊ बोटांची तीन माणसं आहेत, तिघंही घाईची. दुसरा रिवाज असा, की ज्याची बाजू आधी संपेल त्यानं टोकाच्या खांबाला वळसा घालून समोरच्याच्या बाजूला जायचं आणि उलटं तोडत त्याच्याकडे यायचं. जो जात नाही त्याला आम्ही माणसांत धरत नाही.

गावाभोवतीच्या जुन्या दगडी तटाला टेकलेल्या शेवटच्या घरात दोघी बहिणी राहायच्या. सलोमे थोरली, विधवा, तोंडानं फटकळ. फीना चार वर्षांनी धाकटी, बिनलग्नाची आणि डावखुरी. एक्केचाळीस हंगाम दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये फीनाच्या छातीत पाणी झालं. जवळच्या कोलमार शहरातले डॉक्टर तपासून गेले आणि जिन्यात सलोमेला म्हणाले, "द्राक्षं आत येईपर्यंत तग धरली तर हिवाळाही काढेल. पण श्वास जपून वापरायचा. उठणं नाही, जिना नाही, फार बोलणंही नाही."

तोडणीच्या पहिल्या सकाळी मुकादम उर्बां जोड्या लावत होता. त्याच्याकडे एक माणूस जास्तीचं होतं.

"सलोमे, तुझ्यासमोर कोलमारची ही पोरगी देतो. शिकलेली आहे, हात चपळ आहेत."

"शिकलेली आहे तर शाळेत पाठव तिला."

"मग तू एकटी तोडणार?"

"दोन्ही बाजू करीन. फीनाच्या जागी मला दुसरं कुणी नको. ती अंथरुणात पडल्या पडल्या ऐकेल की जागा भरली, काय वाटेल तिला?"

"अगं, पण ओळीत एकट्या माणसानं..."

"उर्बां, तुला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी कात्री चालवतेय."

उर्बांनं मान हलवली आणि पुढे गेला. तिच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

२

तिची ओळ वर जंगलाच्या कडेपासून सुरू होऊन खाली तटाकडे उतरायची. सलोमेनं पहिल्या खांबाशी बादली ठेवली, पानं बाजूला सारली आणि म्हणाली, "आहेस का?"

म्हणून झालं आणि तिचं तिलाच हसू आलं. मग डोळे भरून आले. समोरून अर्थातच कुणी काही बोललं नाही. तिनं नाक पुसलं आणि कामाला लागली. आधी अलीकडची बाजू खालपर्यंत करायची, मग पलीकडून वर चढायचं, असा तिचा बेत होता.

चौथ्या खांबाशी तिला दुसरी कात्री ऐकू आली. तिची कात्री कच्च म्हणे आणि लगेच मागून दुसरं कच्च येई. तिला वाटलं, तटावरून आवाज परत येतोय. पुढे तिनं मुद्दाम हात थांबवला. दुसरी कात्री दोनदा वाजली आणि मग तीही थांबली.

तिनं पानं फाकवून पलीकडे पाहिलं. पलीकडचे घड तोडलेले होते. पहिल्या खांबापासून इथवर एकही शिल्लक नव्हता. काडीवर फक्त देठ राहिले होते, दोन दोन बोटं लांब. घड असा देठ सोडून तोडायची खोड अख्ख्या गावात एकट्या फीनाला. त्यावरून उर्बांच्या बापानं तिला शिव्या दिल्या, उर्बांनं दिल्या, तिनं ऐकलं नाही.

"पोरी," सलोमे ओरडली, "उर्बांनं गुपचूप धाडलं होय तुला? देठ एवढा लांब ठेवू नकोस, बोलणी खाशील."

पलीकडे कात्री चालूच राहिली. तेवढ्यात सलोमेची कात्री हातातून निसटली आणि ती पकडताना पातं अंगठ्यात घुसलं. चूक तिचीच होती, लक्ष नव्हतं. तिनं डोक्याच्या निळ्या चौकटीच्या रुमालाची पट्टी फाडून उजव्या अंगठ्याला गुंडाळली आणि ओळ पुरी केली. टोकाच्या खांबावरून वाकून पलीकडे पाहिलं तर रिकामी वाट होती आणि एक भरलेली बादली.

दहा वाजता पाव आणि खारवलेलं डुकराचं मांस खायला सगळे एकत्र बसले.

"ती पोरगी माझ्यासमोर पाठवलीस का?" सलोमेनं विचारलं.

"ती? ती सकाळपासून वरच्या वावरात आहे, फोड आला म्हणून रडतेय," उर्बां म्हणाला. "का गं? तू तर दोन्ही बाजू साफ केल्यास. तुला म्हातारी कोण म्हणेल?"

सलोमे हसली. पाव मात्र तिनं तसाच टोपलीत परत ठेवला.

३

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा फीना उशांना टेकून बसली होती. शेजारची लिओनी दिवसभर येऊन जाऊन तिच्याकडे बघायची. तिनं कांद्याचं सूप चुलीवर ठेवलेलं होतं.

"कशी आहेस गं?"

"दिवसभर झोपले मेल्यासारखी. तरी अंग असं ठणकतंय म्हणून सांगू." फीना थांबली, श्वास घेतला. "किती ओळी झाल्या?"

"तीन."

"एकटीनं? चल, थापाडे."

सलोमे तिला सूप भरवायला बसली. फीनानं चमचा धरायला डावा हात पुढे केला आणि सलोमेचा हात तिथेच थांबला. फीनाच्या बोटांची आतली बाजू काळी पडली होती. द्राक्षाचा रस वाळून, धूळ बसून पडते तशी. नखाच्या कडेला पानाचा हिरवा कण अडकलेला होता.

"हे काय?"

फीनानं हात उलटासुलटा करून पाहिला. "लिओनीनं द्राक्षं दिली असतील. मला कुठे शुद्ध असते?"

हे पटण्यासारखं होतं. सलोमेला ते पटवून घ्यायचंच होतं. तिनं कोमट पाण्यानं एकेक बोट धुतलं, मनगटावरच्या इस्त्रीच्या जुन्या डागापर्यंत. तो डाग तिच्यामुळेच पडला होता, लहानपणी, भांडताना. पाणी काळं झालं ते तिनं खिडकीतून तटाखाली फेकून दिलं आणि शांत झोपली.

सकाळी जिन्यात लिओनी भेटली.

"द्राक्षं? मी कशाला देऊ?" लिओनी म्हणाली. "आंबट द्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना? अर्धं अंडं खाल्लं तिनं, बास." मग तिनं आवाज खाली आणला. "एक सांगू? झोपेत तिचे हात चालतात. डावा हात पुढे जातो, काहीतरी धरतो, परत येतो. आठ वाजल्यापासून तेच. मध्ये दहा वाजता थांबले. मग पुन्हा सुरू."

"ताप असतो तिला," सलोमे म्हणाली.

"असेल," लिओनी म्हणाली. "पण कपाळ गार होतं."

४

दुसऱ्या दिवशी उर्बांनं सगळ्यांना पिटाळायला सुरुवात केली. शनिवारी पाऊस येणार होता, आणि पिकल्या घडावर पाऊस पडला की दोन दिवसांत बुरशी धरते.

सलोमे पहिल्या खांबाशी उभी राहिली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. आज विचारायचंच नाही, असं ती तटाच्या गेटातून बाहेर पडतानाच ठरवून आली होती. काल तिनं विचारलं, म्हणून तिचं डोकं फिरलं. दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं. नवरा गेला तेव्हा महिनाभर तिला त्याचे बूट वाजताना ऐकू यायचे, मग थांबले. हेही थांबेल.

उतारावर चहूकडून जोड्या एकमेकांना हाका घालत होत्या. "आहेस का?" "आहे." "आहेस का?" "आहे रे बाबा, कुठे जातोय?" त्या गलक्यात एक हाक अगदी जवळून आली, हळू, पानांच्या पलीकडून.

"आहेस का?"

"आहे," सलोमे म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांचं तोंड, ते काय विचारून उघडतं? शब्द निघून गेला आणि पलीकडे कात्री सुरू झाली.

आठव्या खांबाशी तिला हात दिसले. दोन पानांमधून उजव्या हातानं घड तळव्यावर तोलला, मग कात्री धरलेला डावा हात पुढे आला, त्यानं देठ सोडून घड तोडला आणि तो मागे गेला. मनगटावर इस्त्रीचा डाग होता.

सलोमेनं पुढे केलेला हात मागे घेतला. ओरडावं असं तिला वाटलं नाही, हेच तिला नंतर नवल वाटलं. तिला फक्त तिथून दूर जायचं होतं, आणि ओळीत दूर जायचा रस्ता एकच, पुढे. ती भराभर तोडायला लागली. पलीकडची कात्रीही भराभर चालायला लागली. चांगली जोडीदारीण मागे राहत नाही. दुपारपर्यंत दोन ओळी झाल्या, तिसरी अर्धी. उर्बांनं वरून टोपी हलवून शाबासकी दिली.

घरी आली तर फीनाचे ओठ निळे पडले होते. लिओनी खिडकी उघडून तिला वारा घालत होती.

"दुपारपासून असं आहे," लिओनी म्हणाली. "डॉक्टरांना निरोप धाडलाय."

सलोमे पलंगाच्या कडेला बसली. फीनाचे डोळे मिटलेले होते. छाती वरखाली होत होती आणि आत काहीतरी घरघरत होतं.

"आज किती पळालीस गं," फीना मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "दमवलंस मला."

"कुठे पळाले?" सलोमे तिच्यावर वाकली. "फीना? कुठे पळाले मी?"

फीनानं डोळे उघडले. "अं? कधी आलीस तू?"

५

तिसऱ्या दिवशी सलोमे गेलीच नाही. कंबर धरली म्हणून उर्बांला निरोप दिला, दाराला कडी घातली आणि फीनाचा डावा हात दोन्ही हातांत धरून बसली. मी ओळीत नसेन तर ओळही नसेल, असा तिचा साधा हिशोब होता.

बुरुजावरच्या घड्याळाचे आठ ठोके पडले. खाली उतारावर हाका सुरू झाल्या.

हात हलला. आधी नुसती बोटं, मग मनगट. सलोमेनं घट्ट धरला. दोरीचं दुसरं टोक कुणीतरी ओढावं तसा तो हात ओढला जात होता, खिडकीच्या दिशेनं. मग उजवाही हलायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा. गोधडीवरून पुढे जायचे, तोलायचे, मागे यायचे. फीना गाढ झोपेत होती आणि तिचा श्वास डोंगर चढणाऱ्या माणसासारखा लागला होता.

"फीना, उठ. उठ गं माझे बाई."

नऊ वाजले. सलोमेनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, गालात चापट मारली, देवाचं नाव घेतलं. हात थांबेनात. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. ओठ निळे होते ते करडे व्हायला लागले.

"दोन्ही बाजू," फीना म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "दोन्ही बाजू माझ्या एकटीवर पडल्यात."

सलोमेनं हात सोडला. कडी काढली, लिओनीला हाक मारून वर धाडलं आणि डोक्याला रुमालसुद्धा न बांधता गेटातून बाहेर धावत सुटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती चढण कुणी धावत चढत नाही. ओळ अर्ध्यावर आली होती, दोन्ही बाजू तोडलेल्या होत्या. तिनं पानांत तोंड खुपसलं.

"आहेस का?"

पलीकडे कात्री थांबली. मग अगदी थकलेला आवाज आला. "आहे."

"मी आले गं. तू तुझीच बाजू कर. सावकाश कर."

उर्बां तिथून जात होता. "कंबर धरली म्हणालीस आणि सकाळपासून तुझी कात्री ऐकतोय मी," तो म्हणाला. "मुकादमाशी कशाला गं खोटं बोलतेस? विश्रांती हवी तर सांग की."

त्या दिवशी सलोमेनं आयुष्यात कधी केलं नव्हतं इतकं हळू काम केलं. एक घड, मग थांबायचं. पलीकडेही एक घड, मग शांतता. लोक पुढे निघून गेले, टोमणे मारून गेले. मारू देत. संध्याकाळी फीनानं अख्खं अंडं खाल्लं, पावाचा तुकडा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. सलोमे स्वयंपाकघरात जाऊन रडली. आता तिला कळलं होतं की तो श्वास आपल्या हातात आहे.

एकच ओळ राहिली होती, तटाकडची.

६

शनिवारी सकाळी सलोमे उठली तेव्हा फीना जागी होती आणि तिच्याकडेच बघत होती.

"आज शेवटची ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"उतार संपत आलाय. पायांना कळतं." फीनानं श्वास घेतला. "सलोमे, ऐक. मी मागे पडले तर पडू दे. तुझं तू संपव आणि घरी ये. वळसा घालून माझ्या बाजूला येऊ नकोस."

"एक्केचाळीस वर्षांत तू मागे पडलीस आणि मी आले नाही, असं झालंय कधी?"

"या खेपेला नको. तिथे एकाच माणसापुरती जागा आहे."

"ताप चढलाय तुला," सलोमे म्हणाली आणि तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

फीनानं तिच्या अंगठ्यावरची निळ्या चौकटीची पट्टी सरळ केली, गाठ पुन्हा मारून दिली. "शप्पथ घे," ती म्हणाली.

"घेतली," सलोमे म्हणाली. खोटं बोलताना ती नेहमी असंच चटकन बोलायची.

७

वोजच्या डोंगरावर ढग उतरले होते. वारा पडला होता. सलोमेनं हळू सुरुवात केली आणि पलीकडची कात्रीही हळू चालली. दहाव्या खांबापर्यंत सगळं नीट होतं. ती पलीकडच्या बाजूशी बोलतही होती, जुनं काहीबाही. तो सुताराचा पोरगा आठवतो का, तुझ्यासाठी तटावरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला तो? पलीकडून हुंकार आला, हसल्यासारखा. मग खोकला आला.

विसाव्या खांबाशी पलीकडची कात्री थांबली.

"दम खा," सलोमे म्हणाली. "घाई नाही."

घाई होती. टपोरे थेंब पानांवर वाजायला लागले होते आणि वरून उर्बां ओरडत होता, "आटपा रे, आटपा!" पानांतून डावा हात आला, घड चाचपडला, त्याला घड सापडेना. पुन्हा चाचपडला. दोन पानांपलीकडून श्वास ऐकू येत होता, ओला, तुटका, दोन श्वासांमध्ये फार मोठी फट. श्वास जपून वापरायचा, डॉक्टर म्हणाले होते. आणि तो सलोमेच्या डोळ्यांदेखत सांडत होता. त्या बाजूला अजून दहा खांबांची द्राक्षं लटकत होती.

सलोमेनं फार विचार केला असं नाही. शप्पथ आठवली, फीनाचा चेहरा आठवला, एकाच माणसापुरती जागा म्हणाली तेही आठवलं. पण जी समोरची मागे पडलेली असताना आपलं आवरून घरी जाते, ती कसली बहीण? तिनं कात्री खिशात टाकली. हातानंच घड खुडत, पट्टीतून रक्त येईपर्यंत, तिनं आपली बाजू तटापर्यंत संपवली. तिथे कात्री पुन्हा खिशातून काढली, टोकाचा खांब हातानं धरला आणि वळसा घातला.

पलीकडे कुणी नव्हतं.

इकडे पाऊस लागत नव्हता, एवढं तिच्या लक्षात आलं. उतारावरच्या हाका लांबून यायला लागल्या, विहिरीच्या तळातून ऐकाव्यात तशा. वर विसाव्या खांबाशी एक बादली उभी होती, कडीला सुतळी गुंडाळलेली. फीना अशीच गुंडाळायची, हाताला घट्टे पडतात म्हणून.

"बस खाली," सलोमे रिकाम्या वाटेला म्हणाली. "मी करते. तू नुसती बस."

ती तोडत वर निघाली. एकेका घडाबरोबर ती घरघर कमी होत गेली. बादलीपाशी पोचेपर्यंत श्वास लांब आणि कोरडा झाला होता, झोपलेल्या निरोगी माणसाचा. मग तो ऐकूच येईना. सलोमेला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हसली. हसताना छातीत कळ आली, पण तिकडे तिनं लक्ष दिलं नाही.

एकच घड उरला होता. शेवटचा घड एकीनं धरायचा, दुसरीनं तोडायचा, असं दोघी नेहमी करायच्या. पानांच्या दुसऱ्या बाजूनं, जिथून ती आली त्या बाजूनं, एक हात आत आला आणि त्यानं घड तळव्यावर तोलला.

"बरं वाटतंय ना गं?" सलोमे म्हणाली आणि तिनं देठावर कात्री लावली.

हात उजवा होता. अंगठ्याला निळ्या चौकटीची पट्टी होती, रक्तानं भिजलेली, फीनानं सकाळी मारून दिलेल्या गाठीची.

सलोमेनं आपल्या हाताकडे पाहिलं. कात्री तिच्या डाव्या हातात होती. जन्मभर तिथेच असल्यासारखी सहज धरलेली होती. तिनं दाबायचं नाही असं ठरवलं, पण कात्री मिटली. देठ दोन बोटं लांब राहिला. पट्टीचा हात घड घेऊन मागे गेला आणि पानं जुळून आली.

८

"सलोमे!" गेटातून लिओनीचा आवाज आला. "अगं सलोमे, ये लवकर! फीना उठली! आपली आपण जिना उतरली गं!"

सलोमे टोकाच्या खांबाकडे निघाली. दहाच खांब होते. तिनं दहा ओलांडले, अकरावा ओलांडला, बारावा. तट तेवढाच लांब होता. तोडलेल्या काड्यांवर पुन्हा घड लटकताना दिसले. थकव्यानं असं होतं, ती स्वतःला म्हणाली. जेवले नाही सकाळपासून. तिला बसून श्वास घ्यावा लागला, आणि तो पुरा येईना.

पानांच्या फटीतून गेट दिसत होतं. भिजत, बादली हातात घेऊन, एक बाई तिकडे चालली होती. पाठमोरी होती. डोक्याला निळ्या चौकटीचा फाटका रुमाल होता. चाल ओळखीची होती, आणि नव्हतीही. आपली चाल माणसानं मागून कुठे पाहिलेली असते?

गेटात फीना उभी होती. रात्रीच्या कपड्यांवर कोट, काठी नाही, गाल लाल. महिन्याभरात सलोमेनं तो रंग पाहिला नव्हता. तिच्या मनात एवढंच आलं, वाचली, माझी फीना वाचली. आणि त्या क्षणी बाकी कशाचीच भीती उरली नाही.

ती बाई फीनाजवळ पोचली. फीनानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हातांकडे पाहिलं, बराच वेळ. मग तिच्या खांद्यावरून वर, तटाकडच्या ओळीकडे पाहिलं. तिचा लाल गाल सलोमेच्या डोळ्यांदेखत पांढरा झाला.

"आहेस का?" फीनानं ओळीला विचारलं.

सलोमेनं छातीत होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं. तोंड उघडलं.

"आहे," फीनाच्या शेजारची बाई म्हणाली. आवाज सलोमेचा होता, तसाच फटकळ. तिनं फीनाच्या कोपरात हात घातला. "आणि पावसात काय उभी राहतेस, चल, सूप निवतंय."

फीना हलेना. बाईनं तिला जरा ओढलं तेव्हा हलली. गेटातून वळताना तिनं दोनदा मागे पाहिलं.

सलोमेच्या तोंडून "आहे" निघालं तेव्हा गेटात ऐकायला लिओनीही उरली नव्हती. सलोमेनं डोळे पुसले. पुढच्या खांबाशी घड लटकत होता, तिनं डाव्या हातानं कात्री उघडली.